मधल्या काळाची नायिका : किशोरप्रणयाच्या मराठी चित्रपटांतील व्यक्तिचित्रण

१

वयात येणाऱ्या मुलामुलींचे प्रेम हा विषय मराठी चित्रपटाने फार उशिरा हाती घेतला. परंतु घेतल्यानंतर मात्र तो लवकर सोडला नाही. सुजय डहाके यांचा 'शाळा' (२०११), रवी जाधव यांचे 'बालक-पालक' (२०१३) व 'टाईमपास' (२०१४), आणि नागराज मंजुळे यांचे 'फँड्री' (२०१३) व 'सैराट' (२०१६) हे पाच चित्रपट पाच-सहा वर्षांच्या आत निर्माण झाले. त्यांतील काहींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, काहींना अमाप प्रेक्षक लाभला, आणि 'सैराट'ला या दोन्ही गोष्टी साधल्या. या चित्रपटांविषयी लिहिले गेलेही पुष्कळ. तथापि त्यातील बहुतेक लेखन एक तर विषयाच्या धीटपणाची वाखाणणी करते, नाही तर त्याचा तरुण मनावर काय परिणाम होईल याची काळजी वाहते. या व्यक्तिरेखा कशा घडविल्या आहेत, त्या घडविताना दिग्दर्शकापुढे कोणती अडचण उभी राहते आणि ती कोणी कशी सोडविली, हा खरा वाङ्मयीन प्रश्न दोन्ही बाजूंनी मागेच राहिला आहे. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आरंभीच एक कसोटी निश्चित करणे सोयीचे होईल. कोणत्याही प्रणयकथेत दोन व्यक्ती असतात, असे आपण गृहीत धरतो. परंतु किशोरप्रणयाच्या कथेत पुष्कळदा एक व्यक्ती आणि एक दृश्य असते. मुलगा ही व्यक्ती असते. त्याला घर असते, मित्र असतात, लाज, भीती आणि स्वप्ने असतात. मुलगी मात्र त्याला दिसते; खिडकीत दिसते, वर्गातील पुढच्या बाकावर दिसते, वाटेवरून जाताना दिसते. ती दिसण्याची थांबून काही करू लागते तेव्हाच तिच्या व्यक्तिचित्रणास प्रारंभ होतो. म्हणून या प्रकारच्या चित्रपटापुढे दोन प्रश्न ठेवावेत : पाहतो कोण? आणि करतो कोण? या दोन प्रश्नांच्या उत्तरांतूनच त्या त्या चित्रपटाची कलात्मक उंची बऱ्याच अंशी ठरते, असे माझे म्हणणे आहे.

२

हा भेद केवळ दिग्दर्शकांच्या आवडीनिवडीतून निर्माण झालेला नाही. त्याच्यामागे एक सामाजिक इतिहास आहे, आणि त्याचे काही महत्त्वाचे टप्पे सांगलीच्या परिसराशी निगडित आहेत.

प्रणयासाठी बालपण आणि विवाह यांच्या दरम्यान थोडा तरी मोकळा काळ असावा लागतो. यालाच मी 'मधला काळ' म्हणतो. मुलांच्या वाट्याला हा काळ इंग्रजी शाळांबरोबरच आला. मुलींच्या वाट्याला तो आला नाही. त्यांचे बालपण संपले की विवाह सुरू होत असे. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' (१८९९) हे नाटक नेमके या अभावावर उभे आहे. कांचनभट आपल्या मुलीचा धनाढ्य व वृद्ध भुजंगनाथाशी सौदा करतो. शारदेला प्रेम करावयास वेळच मिळत नाही; तिला मिळते ती फक्त विवाहाची भीती. आपल्या इच्छेने ती एकच कृती करू पाहते, ती म्हणजे नदीत जीव देण्याची. तेथूनही कोदंड तिला वाचवितो आणि तिची जबाबदारी स्वीकारतो. देवलांची करुणा थोर आहे. परंतु त्या काळच्या मुलीला मरणाखेरीज दुसरी कृती देणे त्यांनाही शक्य झाले नाही.

सांगली जिल्ह्यातील समडोळीचे ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी १९३७ मध्ये 'कुंकू' काढला, तेव्हा हाच प्रसंग एक पाऊल पुढे सरकला. नीराचा विवाह वृद्ध काकासाहेबांशी फसवून लावण्यात येतो. पण तो पत्करून संसार करावयास ती नकार देते. हा नकार ही तिची स्वतःची कृती आहे. शांता आपटे यांच्या अभिनयामुळे तो नकार कोठेही आक्रस्ताळा वाटत नाही. तो त्या मुलीच्या ताठ मानेतून आणि पावलांतून व्यक्त होतो. शारदेपासून नीरेपर्यंतचे हे अंतर मराठीतील तरुण मुलीच्या व्यक्तिचित्रणाचे अंतर आहे. तथापि नीरेच्याही वाट्याला मधला काळ नाही. तिची कथा सुरू होते तीच मुळी विवाहापासून.

या दोन कलाकृतींच्या दरम्यान, १९२९ मध्ये, शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा केले. (कायद्याचे हे नाव हरबिलास सारडा यांच्यावरून आलेले आहे; मराठीत ते देवलांच्या नायिकेचे होऊन बसले, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.) १९७८ मध्ये हे वय अठरा झाले. कायद्याने दिलेला काळ प्रत्यक्षात प्रत्येक मुलीस मिळतोच असे मात्र नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झालेला होता. जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात, जेथे ऊसतोडीच्या हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडतात आणि मुलांच्या शाळेत खंड पडतो, तेथे हा काळ किती आखूड असतो याची कल्पना करणे अवघड नाही.

याचा वाङ्मयीन परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. मराठी चित्रपटाने बालक रंगविला. 'श्यामची आई' (१९५३) हे त्याचे सर्वमान्य उदाहरण. प्रौढांचे प्रेम आणि संसारही त्याने रंगविले. या दोहोंच्या मधला मनुष्य मात्र त्याला दीर्घकाळ दिसलाच नाही. पुढे तो दिसला तेव्हा स्वाभाविकपणे मुलाच्या रूपात दिसला, कारण मधल्या काळाची आठवण लेखक-दिग्दर्शकांजवळ होती ती मुलाची. मुलीच्या बाबतीत परंपरेने हाती दिली होती ती 'मुलगी पाहण्या'ची रीत. तेथेही मुलीने दिसावयाचे आणि विचारल्यापुरते बोलावयाचे असते. वधूपरीक्षकाची दृष्टी आणि प्रेमात पडलेल्या शाळकरी मुलाची दृष्टी यांत भावनेचे अंतर पुष्कळ आहे. रचनेचे अंतर मात्र वाटते तेवढे नाही.

३

'शाळा' हा चित्रपट मिलिंद बोकील यांच्या २००४ मधील कादंबरीवर आधारलेला आहे. काळ आणीबाणीचा, स्थळ एका लहान शहरातील शाळा, आणि नायक नववीतील मुकुंद जोशी. कादंबरी मुकुंदाच्या तोंडून सांगितलेली आहे. शिरोडकर या मुलीवर त्याचे मन जडले आहे. आणि तिला तो आडनावानेच ओळखतो व आडनावानेच आठवतो. त्या वयाचा सारा संकोच या एका लकबीत सामावलेला आहे. मुलांचे अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणे, तेथून रस्त्यावरील मुलींकडे पाहणे, शिक्षकांना नावे ठेवणे आणि त्याच वेळी त्यांना भिणे, हे सारे बोकिलांनी अशा खुणेच्या भाषेत लिहिले आहे की वाचक त्या टोळीतलाच एक होऊन जातो.

प्रथमपुरुषी निवेदनाचा एक मोठा गुण असा की, ते आपली मर्यादा लपवीत नाही. शिरोडकरविषयी वाचकाला जे कळते ते मुकुंदाला वाटलेले असते, आणि ते तसे आहे हे प्रत्येक वाक्यातील 'मी' सांगत असतो. तिच्या मनात खरोखर काय होते हे कादंबरी सांगत नाही, आणि सांगण्याचा आवही आणीत नाही. मुकुंदाचे अज्ञान हाच तेथे कलेचा विषय होतो.

चित्रपटात हा 'मी' सहजासहजी टिकत नाही. कॅमेऱ्याला व्याकरणातील पुरुष नसतो. मुकुंदाला सुंदर दिसणारी शिरोडकर पडद्यावर प्रत्यक्षच सुंदर दिसते. त्याला जाणवलेले तिचे गूढ स्मित आपल्यालाही एक वस्तुस्थिती म्हणून दिसते. जे कादंबरीत एका मुलाचे मत होते ते चित्रपटात त्या मुलीचे स्वरूप बनते. केतकी माटेगावकर यांनी ही भूमिका संयमाने केली आहे, आणि अंशुमन जोशी यांचा मुकुंद तर सर्वस्वी विश्वसनीय आहे. अविनाश देशपांडे निगडी यांच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उचितच होता. असे असूनही शिरोडकर ही व्यक्तिरेखा कादंबरीतल्यापेक्षा चित्रपटात अधिक दिसते आणि कमी जाणवते. याचा दोष पटकथाकाराच्या कौशल्यास देता येणार नाही. माध्यमांतरात हरवलेल्या 'मी'च्या जागी दुसरे काही उभे करावयास हवे होते, ते झाले नाही, एवढेच म्हणता येईल.

कथेच्या शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते आणि मुकुंदापुढे दहावीचे वर्ष उरते. हा शेवट यथायोग्य आहे. किशोरवयातील प्रेम पुष्कळदा भांडणाने किंवा विरोधाने संपत नाही. ते बदलीच्या हुकुमाने, परीक्षेच्या निकालाने, दुसऱ्या गावच्या प्रवेशाने संपते. परंतु मुकुंदाच्या वाट्याला जे दुःख आले त्याची जोडी शिरोडकरच्या बाजूनेही असली पाहिजे. नव्या गावात, नव्या शाळेत ती कशी वाढली असेल? हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात चित्रपट निर्माणच करीत नाही. वयात येणे हे जणू एकट्या मुकुंदाचे आहे.

४

'फँड्री'मध्ये ही एकतर्फी दृष्टी अधिकच टोकाला गेली आहे; पण येथे ती दिग्दर्शकाला उमगलेली आहे, आणि त्यातच या चित्रपटाचे वेगळेपण आहे. जब्या हा कैकाडी कुटुंबातील मुलगा वर्गातील शालूवर प्रेम करतो. ती उच्च मानल्या गेलेल्या जातीची आहे. साऱ्या चित्रपटात या दोघांमध्ये संभाषण म्हणावे असे काही घडत नाही. काळी चिमणी मारून तिची राख शालूवर टाकली तर ती आपली होईल, या समजुतीने तो रानोमाळ पाखरामागे धावतो. ज्याला बोलण्याचा मार्गच बंद आहे त्याला मंत्रातंत्राचा मार्ग उरतो, हे या एका तपशिलातून मंजुळे यांनी किती नेमके सांगितले आहे!

येथे शालू ही केवळ दिसणारी मुलगी आहे, हे खरे. परंतु चित्रपटाचा उत्तरार्ध ही दृष्टीच उलटी करतो. पालखीच्या मार्गात डुकरे आडवी आल्याने जब्याच्या कुटुंबावर ती पकडण्याचे काम येऊन पडते, आणि ते शाळेच्या परिसरातच करावे लागते. इतका वेळ जो पाहत होता तो आता दिसू नये म्हणून भिंतीआड लपतो. पाहणारे आता गावकरी आहेत, वर्गमित्र आहेत, आणि त्यांच्यात शालूही आहे. ती हसते आहे. पाहण्याचा अधिकार हा सुखाचा नव्हे, सत्तेचा विषय आहे, हे जब्याला येथे कळते. त्याच्या वयात येण्याचा क्षण प्रेमाचा नाही; तो आपण दिसत आहोत हे कळण्याचा आहे. मेलेले डुकर खांद्यावर घेऊन जाणारे कुटुंब शाळेच्या भिंतीवरील समाजसुधारकांच्या चित्रांपुढून जाते, तेव्हा दिग्दर्शकाने एक शब्दही उच्चारलेला नाही, आणि त्याची गरजही नाही. अखेरचा दगड जब्या थेट कॅमेऱ्याच्या दिशेने भिरकावतो. पाहणाऱ्यांच्या त्या रांगेत प्रेक्षकही बसलेला होता, हे त्या दगडाने त्याला सांगितले आहे.

सोमनाथ अवघडे यांना या भूमिकेसाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळाला. त्यांच्या अभिनयाचे मर्म असे की, जब्या कोठेही करुणेची याचना करीत नाही. जत्रेत हलगी वाजवीत नाचणारा जब्या आणि त्याच जत्रेत वडिलांच्या सांगण्यावरून डोक्यावर बत्ती धरून उभा राहणारा जब्या, या दोन चित्रांमधील अंतर त्यांच्या चेहऱ्यावर काही क्षणांत दिसते.

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो घेतला पाहिजे. शालूचे हसणे हे तिच्या जातीचे हसणे आहे. पण ते तिचेही आहे काय? ती काय समजून हसली, सगळे हसतात म्हणून हसली की खरोखर तिला गंमत वाटली, हे कळावयास मार्ग नाही. 'फँड्री'ने जब्याच्या दृष्टीची चिकित्सा केली. शालूला मात्र दृष्टी दिली नाही. चित्रपटाच्या रचनेत हे अपरिहार्य होते, हे मान्य करूनही ती उणीव नोंदविणे भाग आहे.

हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. त्याच वर्षी २८ एप्रिल रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची, वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतील मुलीशी त्याचे संबंध असल्याच्या संशयावरून, हत्या झाली. चित्रपट आणि ही घटना यांचा परस्परांशी काही संबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. हेतू एवढाच की, किशोरप्रणय हा हलकाफुलका विषय आहे असे मानणाऱ्या टीकाकाराने या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. आपल्या समाजात कोणी कोणाकडे पाहावयाचे हा प्रश्न प्राणांशी खेळणारा आहे.

५

'बालक-पालक' आणि 'टाईमपास' यांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. पहिल्यात चाळीतील मुलांच्या लैंगिक कुतूहलाचा विषय विनोदाच्या आधाराने, पण प्रामाणिकपणे हाताळला आहे, आणि त्या टोळीत मुलींनाही कुतूहलाचा हक्क दिला आहे; हे त्याचे श्रेय. दुसऱ्यात दगडू आणि प्राजक्ता यांच्यातील वर्गभेद हा कथेचा पाया असूनही त्याची झळ कोणास लागत नाही. दगडूला भाषा आहे, टोळी आहे, उद्दामपणा आहे. प्राजक्ताला आहे तो मुख्यतः गोड गळा आणि कडक वडील. ती आवडते, पण आठवत नाही. तिच्या नकाराचे होकारात रूपांतर कसे झाले हे दाखविण्याऐवजी ते झाले असे सांगण्यात येते. हिंदीतील 'बॉबी' (१९७३) पासून चालत आलेला हा मार्ग आहे : आईबापांचा विरोध जेवढा मोठा, तेवढे प्रेम खरे. विरोध हा येथे व्यक्तिचित्रणाच्या बदली वापरला जातो. अशा चित्रपटाचा दोष तो मुलांना बिघडवितो हा नव्हे. मुलीच्या मौनाचा अर्थ मुलाच्या सोयीने लावावयास तो शिकवितो, हा आहे. आणि हा दोष नैतिक असण्याआधी कलात्मक आहे, कारण तो व्यक्ती घडविण्याच्या आळसातून आलेला आहे.

६

या पार्श्वभूमीवर 'सैराट'मधील अर्ची पाटील ही व्यक्तिरेखा पाहिली म्हणजे तिचे महत्त्व ध्यानात येते. प्रारंभी 'सैराट'ही परिचित वाटेनेच जातो. परश्या हा मासेमारी करणाऱ्या कुटुंबातील मुलगा अर्चीला पाहतो, तिच्यामागे फिरतो, कविता करतो. परंतु लवकरच एक बदल घडतो. अर्ची मागे वळते, आणि का पाहतोस, असे त्यालाच विचारते. पाहिली जाणारी मुलगी पाहणाऱ्याला जाब विचारते आणि नंतर स्वतः त्याच्याकडे रोखून पाहते, तेव्हा मराठी चित्रपटातील एक जुनी व्यवस्था मोडते. बुलेट चालविणे, ट्रॅक्टर चालविणे हे तिच्या धिटाईचे बाह्य तपशील आहेत. तिचा खरा धीटपणा तिच्या नजरेत आहे.

तथापि या धिटाईचे मूळ कोठे आहे, हेही दिग्दर्शकाने लपविलेले नाही. अर्ची ही गावच्या राजकारणी बागायतदाराची मुलगी आहे. ट्रॅक्टर बापाचा, शेत बापाचे, विहीर बापाची. तिचा भाऊ वर्गात शिक्षकाला थप्पड मारतो आणि घरी त्याचे कौतुक होते. अर्चीचे स्वातंत्र्य आणि तिच्या भावाची मग्रूरी ही एकाच झाडाची फळे आहेत. परश्या तिच्याकडे पाहू शकतो तो तिने पाहू दिले म्हणून. आणि तिने पाहू दिले, कारण नाही म्हणण्याचे बळ तिच्या घराने तिला दिलेले होते. प्रेमिकेचे व्यक्तिचित्र तिच्या सामाजिक स्थानातून इतक्या अचूकपणे उभे केल्याचे उदाहरण मराठी चित्रपटात यापूर्वीचे मला आढळले नाही. पोलीस ठाण्यात मित्रांवर खोटा गुन्हा दाखल होत असता ती जो आवाज चढविते, तो एकाच वेळी प्रेयसीचा आणि पाटलाच्या मुलीचा आवाज आहे.

म्हणूनच उत्तरार्ध, जो पुष्कळ प्रेक्षकांना रेंगाळणारा वाटला, तोच माझ्या मते या चित्रपटाचा गाभा आहे. हैदराबादेत पोहोचताच अर्चीजवळचे सारे बळ गळून पडते. तेथील भाषा तिला येत नाही, झोपडपट्टीतील घाणीची सवय नाही, कामाची सवय नाही. पूर्वार्धात जे गाणी आणि मंदगती दृश्ये यांनी भरलेले होते, तेथे आता स्वयंपाक, पगार, संशय आणि भांडण आहे. परश्याला गरिबीची ओळख आहे. अर्चीला ती नव्याने करून घ्यावी लागते. येथे प्रथमच ती बापाच्या बळावाचून काही करू लागते : कारखान्यात नोकरी धरते, तेलुगू शिकते, घर उभे करते. परश्या संशयाने तिच्यावर हात टाकतो तेव्हा ती निघून जाते, आणि पुन्हा परतते ती स्वतःच्या निर्णयाने. प्रणयकथा जेथे सामान्यतः थांबते, त्या पळून जाण्याच्या प्रसंगापासून येथे वयात येण्यास प्रारंभ होतो. आणि वयात येते ती मुख्यतः मुलगी. परश्याच्या व्यक्तिरेखेत उत्तरार्धात तेवढी वाढ नाही, ही उणीव मान्य केली तरी तिच्यामुळे या योजनेचे महत्त्व कमी होत नाही.

शेवटी अर्ची आईशी फोनवर बोलते. माहेरची ओढ ही मराठी स्त्रीच्या भावविश्वातील अत्यंत जुनी आणि निर्मळ भावना. येथे तीच मृत्यूला वाट दाखविते. भाऊ भेटवस्तू घेऊन येतो, चहा होतो, आणि नंतर पडद्यावर उरतात ती लहान मुलाची रक्ताने माखलेली पावले. या दृश्यातून ध्वनी काढून घेण्याचा निर्णय दिग्दर्शकाच्या प्रगल्भतेची साक्ष देतो. अकलूजच्या रिंकू राजगुरू यांना या भूमिकेसाठी, शाळकरी वयात, राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये विशेष उल्लेख मिळाला. त्यांची सोलापूर भागातील बोली ही अर्चीची केवळ भाषा नव्हे; ती तिची मान ताठ ठेवण्याची रीत आहे.

या शेवटच्या मुद्द्याची तपासणी करावयास एक उत्तम साधन उपलब्ध आहे. 'सैराट'चे अनेक भाषांत पुनर्निर्माण झाले. कन्नडमध्ये एस. नारायण यांनी २०१७ मध्ये 'मनसु मल्लिगे' हा चित्रपट केला, आणि त्यात नायिका पुन्हा रिंकू राजगुरूच होत्या. हिंदीत २०१८ मध्ये 'धडक' आला. तेथे कथा उदयपूरच्या राजघराण्यात नेली गेली, जातीचा उच्चार जवळजवळ पुसला गेला, आणि शेवटी नायिकेला जिवंत ठेवून तिचा पती व मूल यांना मारण्यात आले. जात पुसताच नायिकेचा धीटपणा केवळ श्रीमंतीचा लाडिकपणा होऊन बसतो, हे 'धडक'मध्ये स्पष्ट दिसते. कन्नड चित्रपटाचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. तीच अभिनेत्री, तीच भूमिका, पण दुसरी भाषा : अशा वेळी व्यक्तिरेखेतील किती भाग बोलीचा आणि किती देहाचा? जत तालुक्याच्या पूर्व भागात घरी कन्नड आणि शाळेत मराठी, किंवा उलट, अशी स्थिती सर्रास आढळते. दोन्ही भाषांवर सारखाच कान असलेला विद्यार्थी या तुलनेस जेवढा पात्र आहे तेवढा पुण्या-मुंबईचा समीक्षक नाही. आपल्या विभागातून असा तौलनिक अभ्यास व्हावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते.

७

शारदा, नीरा, शिरोडकर, शालू, अर्ची अशी ही मालिका आहे. शारदेला मरणाखेरीज कृती नव्हती. नीरेला नकाराची कृती मिळाली. शिरोडकर आणि शालू मधल्या काळात येऊन पोहोचल्या, पण दृश्य म्हणून. अर्चीला दृष्टीही मिळाली आणि कृतीही, परंतु तिची किंमत प्राणांनी मोजावी लागली. हा क्रम सरळ प्रगतीचा आहे, असे मी म्हणणार नाही. वडिलांच्या सत्तेवाचून धीट होऊ शकेल अशी मुलगी अद्याप आपल्या किशोरप्रणयाच्या चित्रपटाला सुचलेली नाही. अर्चीला ट्रॅक्टर होता. ज्या मुलीजवळ तो नाही, तिने परश्याकडे, किंवा जब्याकडे, कसे पाहावे?

जयंत सोमलकर यांच्या 'स्थळ' या चित्रपटाने या दिशेने एक वाट दाखविली आहे. २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात गौरविला गेलेला हा चित्रपट किशोरप्रणयाचा नव्हे. त्यातील सविता महाविद्यालयात शिकणारी आहे आणि तिच्यासाठी स्थळे पाहिली जात आहेत. आरंभीच एका स्वप्नात स्त्रिया मुलाला पाटावर बसवून प्रश्न विचारतात. त्यानंतर सविता पुनःपुन्हा पाहुण्यांपुढे बसते, नाव, उंची, शिक्षण सांगते. पाहिली जाणारी मुलगीच येथे कथेचे केंद्र आहे, आणि पाहणाऱ्यांचे चेहरे आपण तिच्या जागेवरून पाहतो. 'शाळा'च्या रूपांतरात जो 'मी' हरवला होता तो कॅमेऱ्याच्या जागेतून परत मिळविता येतो, याचा हा पुरावा आहे. मात्र सविताच्या मधल्या काळावरही विवाहाची सावली पडलेलीच आहे.

जी कथा अजून सांगितली गेली नाही ती फार दूरची नाही. अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासावर एसटीने रोज माध्यमिक शाळेत जाणारी मुलगी, घर आणि शाळा यांच्यामधल्या तासाभरात कोणाचीच मुलगी आणि कोणाचीच सून नसते. तो तास तिचा असतो. खिडकीतून ती काय पाहते, यल्लमाच्या जत्रेत कोण दिसावे असे तिला वाटते, कोणाकडे पाहणे ती टाळते आणि का, आणि त्या टाळण्यात भीती किती व लज्जा किती, हे मराठी चित्रपटाला अद्याप ठाऊक नाही. बसथांब्यावर उभा असलेला मुलगा त्याने पुष्कळदा रंगविला आहे. बसच्या आतून तो मुलगा कसा दिसतो, हे ज्या दिवशी तो दाखवील, त्या दिवशी या प्रकारच्या व्यक्तिचित्रणातील अपुरे राहिलेले अर्धे काम सुरू झाले असे म्हणता येईल.